चढताना दम, उतरताना टोंगळे : पायऱ्यांच्या व्यायामाचं साधं गणित

हर्नियाचं असो की पित्ताच्या खड्यांचं, ऑपरेशन ठरलं की भूल देणारे डॉक्टर आधी येऊन पेशंटला एक प्रश्न बहुतेक वेळा विचारतातच, "दोन जिने न थांबता चढता येतात का?" आता आपल्या विदर्भातला पेशंट कवेलूच्या घरातला, त्याच्या घराला जिनाच नाही, तो म्हणणार "घरी जिना कुठला जी, पण रामटेकचा गड चढतो ना बाप्पा दरसाल." आणि डॉक्टरचं समाधान होते, कारण त्यांना जिन्याशी काही घेणंदेणं नसते, त्यांना पाहायचं असते की या माणसाचं हृदय आणि फुप्फुस जास्तीचं काम पडलं तर झेपवू शकते की नाही.

त्यामागचं माप असं आहे. आपण निवांत बसलेलो असताना शरीर जेवढा ऑक्सिजन वापरते त्याला १ मेट म्हणतात, म्हणजे दर किलो वजनामागे मिनिटाला साधारण साडेतीन मिलिलिटर. सपाट रस्त्यावर साधं चालणं ३ ते साडेतीन मेट. पायऱ्या हळू चढणं ४ मेट आणि झपाझप चढणं जवळपास ९ मेट. ४ मेट झेपते म्हणजे बऱ्याचशा ऑपरेशनचा ताण शरीराला झेपेल असा डॉक्टर लोकांचा ठोकताळा आहे. म्हणजे आपण ज्याला नुसतं "देवाला जाऊन येणं" म्हणतो ती एक बऱ्यापैकी भारी कसरत आहे आणि ती फुकट आहे.

शहरात लोकांनी हे कधीच ओळखलं. पुण्यात पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेत, तिथं पहाटे दर्शनाला येणारे कमी आणि पाच-पाच फेऱ्या मारणारे जास्त दिसतात. अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ कल्व्हर सिटी नावाच्या गावात टेकडीवर जायला सार्वजनिक पायऱ्या आहेत, २८२, तिथं लोक गाड्या लावून व्यायामाला येतात. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये तर १९७८ पासून पायऱ्या चढायची शर्यतच होते, ८६ मजले, १५७६ पायऱ्या. आपल्या भागात मजले नाहीत पण टेकडी आणि टेकडीवर देव हे मात्र भरपूर आहे, रामटेक आहे, आदासा आहे, केळझरचा गणपती आहे, गिरडची टेकडी आहे, आणि लोणारला तर उलटंच, आधी विवरात उतरायचं आणि मग थकलेल्या पायानं वर यायचं. शिवाय प्रत्येक दोन-चार गावांमागे एखादी नाव नसलेली टेकडी असतेच जिथं आमदार निधीतून पायऱ्या आणि लोखंडी कठडा झालेला असते.

पण कोणी म्हणेल, आम्ही कास्तकार माणसं, दिवसभर वावरात राबतो, आम्हाला कायले पाहिजे वेगळा व्यायाम? प्रश्न बरोबर आहे. फक्त काम कोणतं ते पाहा. निंदण, कापूस वेचणी, संत्रा तोडणी हे तासन्‌तास चालणारं काम आहे, कंबर मोडते, पण धाप लागेल असं त्यात फारसं नसते, हृदय एका संथ लयीत चालत राहते. आणि पुरुषमंडळींचं तर खरं सांगायचं झालं तर वावरापर्यंत मोटरसायकल, वखरणीला ट्रॅक्टर, फवारणीला बॅटरीचा पंप, असं झाल्यापासून पाय कमी आणि बूड जास्त वापरलं जाते. शरीर थकणं वेगळं आणि दम वाढणं वेगळं. दम वाढवायचा तर थोडा वेळ का होईना पण धाप लागली पाहिजे, आणि पायऱ्या ते काम दोन मिनिटात करतात.

आता माझ्या मते या विषयात सगळ्यात जास्त घोळ जिथं होतो ते सांगतो. लोक पायऱ्यांचा व्यायाम म्हणजे एकच गोष्ट समजतात. तो एक नाही, दोन व्यायाम आहेत. चढणं वेगळा, उतरणं वेगळा. चढण्यात हृदय-फुप्फुसाचा कस लागतो आणि उतरण्यात स्नायू आणि सांध्यांचा. ज्याला चढताना धाप लागते त्याला वाटते उतरताना आता आराम, आणि तिथंच तो पाय झोकून देत धडधड उतरते, आणि दुसऱ्या दिवशी संडासला बसताना आई आठवते. मग म्हणणार "पायऱ्या आपल्याले सूट होत नाई." अरे पायऱ्या नाही, तुझं उतरणं सूट झालं नाही.

आधी चढणं घेऊ. चढणं म्हणजे आपलं स्वतःचं वजन वर उचलणं, बस. त्यात फसवाफसवी चालत नाही, सपाटीवर चालताना माणूस थोडं घसटत, थोडं झोके घेत भागवून नेते, पण पायरीवर पूर्ण वजन तेवढं उंच न्यावंच लागते. हिशेब करून पाहू. समजा माणूस ६० किलोचा, पायरी १७ सेंटिमीटरची, आणि पायऱ्या १००. म्हणजे तो १७ मीटर वर गेला. काम झालं ६० गुणिले ९.८ गुणिले १७, साधारण १०,००० ज्यूल. हे त्यानं दोन मिनिटात केलं तर पॉवर निघते जवळपास ८३ वॅट. आता आपल्या विहिरीवरची मोटर पाहा, ५ एचपीची मोटर म्हणजे ३७३० वॅट. म्हणजे एक मोटर चालते तेवढ्या ताकदीसाठी अशी ४५ माणसं एकाच वेळी पायऱ्या चढत राहिली पाहिजेत, तेही न थांबता. माणूस मशीन म्हणून तसा कमजोरच आहे म्हणा.

आणि कॅलरी? इथं बहुतेकांची निराशा होते. १०,००० ज्यूल म्हणजे अडीच कॅलरी सुद्धा नाही (आपण खाण्याच्या हिशेबात जी कॅलरी म्हणतो ती). पण शरीर काही शंभर टक्के कार्यक्षम नसते, जेवढं इंधन जाळते त्यातलं पाव हिस्सा किंवा त्याहून कमीच कामात उतरते, बाकीची उष्णता होते. म्हणून १०० पायऱ्यांना प्रत्यक्षात १० ते ११ कॅलरी जळतात. एका पोळीत ८० ते १०० कॅलरी असतात. म्हणजे १०० पायऱ्यांच्या आठ-नऊ चढाया केल्या तेव्हा कुठं एक पोळी गेली, आणि खाली उतरून टपरीवर दोन समोसे हाणले की सगळा हिशेब उलटा. तेव्हा पोट कमी करायला पायऱ्या चढत असाल तर ताटाकडे पाहा आधी. पायऱ्यांचा खरा फायदा वजनात नाही, तो दमात आणि पायाच्या ताकदीत आहे.

मग दम एकदम का लागते? सगळ्यांचा अनुभव आहे, पहिल्या तीस-चाळीस पायऱ्या माणूस गप्पा मारत चढते, वाटते की हे काहीच नाही, आणि मग अचानक कोणीतरी छातीवर बसल्यासारखी धाप. याचं कारण असं की स्नायूंमध्ये काही सेकंदांपुरतं तयार इंधन साठवलेलं असते, ते ऑक्सिजनशिवाय चालते. ते संपलं की स्नायू साखर घाईघाईनं, ऑक्सिजन न घेता मोडायला लागतात. आणि ऑक्सिजनवर चालणारी जी मुख्य व्यवस्था आहे, म्हणजे श्वास वाढणं, हृदयाचे ठोके वाढणं, रक्त पायाकडे वळणं, तिला पूर्ण वेग घ्यायला दोन-तीन मिनिटं लागतात. तोपर्यंत शरीर उधारीवर चालते. धाप म्हणजे त्या उधारीचा तगादा. म्हणून थांबल्यावरही मिनिटभर आपण धापा टाकतच राहतो, कारण उधारी फेडणं चालू असते.

यातून एक गोष्ट सरळ निघते, ती अशी की पहिल्या पायऱ्या मुद्दाम हळू चढा. पाय म्हणतील जाऊ दे जोरात, पण नाही जायचं. शरीराला तयार व्हायला वेळ दिला की उधारी कमी होते आणि वरपर्यंत एका लयीत जाता येते. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बाया हे बरोबर करतात, सुरुवातीपासून एकच संथ चाल, आणि मधल्या ओट्यावर बसलेल्या तरुण पोट्ट्यांना मागे टाकून पुढं जातात. वेग किती ठेवायचा याचं सोपं माप म्हणजे बोलणं. पूर्ण वाक्य बोलता येते पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम व्यायाम. दोन-तीन शब्दांवर श्वास घ्यावा लागते, तो जोराचा. एकही शब्द निघत नसेल तर थांबा.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सांगितलेलं प्रमाण असं आहे की मोठ्या माणसानं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम करावा, आणि दोन दिवस तरी स्नायूंची ताकद वाढवणारं काही करावं. जोरात पायऱ्या चढणं जोराच्या व्यायामात येते, शिवाय मांड्यांची ताकद फुकटात वाढते, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. वेळ नाही म्हणणाऱ्यांना यापेक्षा स्वस्त सौदा मिळणार नाही.

हा पायऱ्या आणि हृदयाचा संबंध पहिल्यांदा नीट दिसला तो लंडनच्या बसमध्ये, ही गोष्ट मला भारी आवडते. जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरनं डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली, १९५३ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, आणि कंडक्टर तिकीट फाडायला वरच्या मजल्यावर चढ-उतार करणारा, दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या. हृदयविकार कंडक्टर लोकांमध्ये कमी निघाला, आणि झाला तरी उशिरा आणि सौम्य. पुढं असंही दिसलं की ड्रायव्हर मंडळी भरतीच्या वेळीच जाड होती, म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही, तरी व्यायाम आणि हृदय यावरचा अभ्यास तिथून सुरू झाला असं म्हणतात. आपल्या लालपरीच्या कंडक्टरला जिना नाही, पण यात्रेच्या दिवसात भरलेल्या गाडीत मागून पुढं येताना त्याचाही तेवढाच व्यायाम होत असेल.

आता उतरणं. हे नीट समजलं की अर्धी लढाई जिंकली.

विहिरीतून भरलेली बादली ओढून वर काढणं आणि तीच भरलेली बादली दोर हळूहळू सोडत खाली नेणं, दोन्हीत दोर हातातच आहे. ओढताना दम लागते. सोडताना दम लागत नाही, पण हाताला चटका बसते. मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूचं नेमकं हेच होते. चढताना तो आखडत वजन उचलते. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना वजन धरून ठेवते, ब्रेकचं काम करते. या ब्रेकच्या कामाला ऑक्सिजन फार कमी लागते, म्हणून उतरताना साडेतीन मेटच्या आसपासच खर्च, साध्या चालण्याएवढा. पण स्नायूच्या धाग्यांना त्यात बारीक बारीक इजा होते. दुखणं लगेच येत नाही, दुसऱ्या दिवशी सकाऊन उठल्यावर सुरू होते, एक ते तीन दिवसांत कळस गाठते आणि आपोआप जाते. लोक याला "अंगात ॲसिड जमा झालं" म्हणतात, ते चूक आहे, ते ॲसिड तर तासाभरात निघून जाते, हे दुखणं इजेचं आणि दुरुस्तीचं आहे.

आणि दुरुस्तीनंतर स्नायू आधीपेक्षा तयार होते. एकदा असं आंग धरलं की पुढच्या वेळी तेवढ्याच उतरणीला फारच कमी दुखते, आणि हा फायदा काही आठवडे टिकते. म्हणून पहिल्याच दिवशी वीस फेऱ्या न मारता दोन-तीन मारून घरी जाणं शहाणपणाचं, थोडं दुखू द्या, चालत-फिरत राहा, मग वाढवा. एक मात्र लक्षात ठेवा, मांड्या दगडासारख्या सुजल्या आणि लघवी काळ्या चहासारखी व्हायला लागली तर ते साधं आंग दुखणं नाही, स्नायू फुटून त्यातला भाग किडनीवर जात असू शकते, सरळ दवाखाना गाठा.

उतरणं नुसतं त्रासाचंच आहे असं नाही बरं. तैवानमध्ये जाड असलेल्या वयस्क बायकांवर एक अभ्यास झाला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटानं जिना फक्त चढायचा आणि खाली लिफ्टनं यायचं, दुसऱ्यानं लिफ्टनं वर जायचं आणि फक्त उतरायचं, बारा आठवडे. आपल्याला वाटेल चढणाऱ्या जिंकल्या असतील. पण पायाची ताकद, तोल, रक्तातल्या साखरेचा हिशेब, हाडांची घनता अशा बऱ्याच गोष्टीत उतरणाऱ्या बायकांना जास्त फायदा झाला. फक्त त्यांचं उतरणं अगदी थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवलं होतं, हे विसरू नका.

मग टोंगळ्यांचं काय? "पायऱ्या चढून टोंगळे झिजतात" हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा ऐकायला मिळते की ते खरंच वाटायला लागते. पायरीवर गुडघ्याच्या वाटीमागे शरीराच्या वजनाच्या तिपटीच्या आसपास दाब येते, म्हणजे ६० किलोच्या माणसाला पावणेदोन क्विंटलच्या वर. आकडा ऐकून घाबरायला होते पण निरोगी गुडघा त्याचसाठी बनलेला आहे, आणि मांडीचा स्नायू मजबूत असला तर गुडघ्याचा त्रास उलट कमी होते. ज्यांचा गुडघा आधीच खराब आहे, सूज येते, रात्री ठणकते, त्यांनी मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय फेऱ्या मारू नये. त्यांच्यासाठी फिजिओथेरपीवाले एक नियम सांगतात, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. कारण वर जाताना जो पाय आधी पडते तोच सगळं वजन उचलते, आणि खाली येताना जो पाय वर मागे राहते तोच ब्रेक लावते, दोन्ही वेळा कष्टाचं काम चांगल्या पायावर.

दाब कमी करायच्या काही गोष्टी सगळ्यांनाच उपयोगी आहेत. चढताना कमरेतून थोडं पुढं झुका, पाठ मोडून नाही, कमरेतून, म्हणजे भार गुडघ्यावरून कुल्ल्याच्या मोठ्या स्नायूंवर जाते. पूर्ण तळवा पायरीवर टेकवा, नुसत्या चवड्यावर चढलं की पोटऱ्या लवकर भरून येतात. आणि उतरताना आवाज ऐका. धप्प धप्प आवाज येत असेल तर ब्रेक स्नायू लावत नाही, हाड लावून राहिलं आहे.

रामटेकला कार्तिकात अंबाळा तलावाकडून येणाऱ्या पायऱ्यांवर उभं राहून उतरणाऱ्या बुढ्या बाया पाहाव्यात. लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला, पिशवी खांद्यात, तोंड कठड्याकडे, आणि अंग पूर्ण आडवं. एक पाय खाली ठेवायचा, पक्का झाला का ते पायाच्या अंगठ्यानं चाचपायचं, मग दुसरा पाय त्याच पायरीवर आणून जोडायचा, मग पुढची पायरी. मागं रांग तुंबली, कोणी "चाल ना व माय" म्हटलं, तरी चाल बदलत नाही. ही पद्धत त्यांना कोणी शिकवली नाही, पण आडवं उतरलं की गुडघा आणि घोटा कमी वाकवावा लागते, हात कठड्यावर राहते, आणि तोल गेला तरी माणूस समोर तोंडावर पडत नाही. ज्यांना उतरताना भीती वाटते त्यांनी लाज न बाळगता हेच करावं.

पडण्याचा विषय निघालाच तर पायरीचं माप समजून घ्या. सार्वजनिक इमारतीत पायरीची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको आणि पाय ठेवायची जागा ३० सेंटिमीटरपेक्षा कमी नको, असं आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत आहे. सतराव्या शतकात ब्लोंडेल नावाच्या फ्रेंच वास्तुतज्ज्ञानं यासाठी नियम बांधला होता, दोन पायऱ्यांची उंची अधिक एका पायरीची रुंदी ही माणसाच्या एका पावलाएवढी यावी, म्हणजे आजच्या मापात ६०-६५ सेंटिमीटर. १५, १५ आणि ३०, बेरीज ६०, बरोबर बसते. पण टेकडीवरच्या जुन्या दगडी पायऱ्या कुठं चार बोटं, कुठं पुरती वीत, आणि मधोमध झिजून खोलगट झालेल्या. आपला मेंदू दोन-तीन पायऱ्यातच उंची पाठ करून टाकते आणि पाय पायरीच्या कडेवरून जेमतेम बोटभर अंतर ठेवून नेते. मधलीच एक पायरी थोडी उंच निघाली की अंगठा अडकलाच. म्हणून असमान पायऱ्यांवर मोबाईल खिशात आणि नजर खाली, आणि रील काढायचीच असेल तर वर पोचल्यावर काढा.

दोन-दोन पायऱ्या एकदम चढाव्या का हे पोलीस भरतीवाली पोट्टी नेहमी विचारतात. १६०० मीटरची धाव मारायची आहे म्हणून टेकडीवर पहाटे तीच दिसतात. लंडनच्या रोहॅम्प्टन विद्यापीठात २०१२ मध्ये हे मोजलं होतं. दोन-दोन पायऱ्यांनी चढताना त्या क्षणी खर्च जास्त असते, पण तेवढीच उंची एकेक पायरीनं चढलं तर एकूण कॅलरी थोड्या जास्तच जातात, कारण पावलं जास्त आणि वेळही जास्त. मग कॅलरीसाठी एकेक, आणि मांडी-कुल्ल्याच्या ताकदीसाठी दोन-दोन, असं मिसळून करा. पण दोन-दोन फक्त चढताना. उतरताना दोन पायऱ्या सोडणारा पोट्टा भरतीच्या ग्राउंडवर कमी आणि प्लास्टर बांधलेल्या पायानं घरी जास्त दिसते.

आता विदर्भाचा खास विषय, ऊन. वर हिशेबात आलं की शरीर जेवढं इंधन जाळते त्यातलं तीन चतुर्थांश तरी उष्णता होते. १०० पायऱ्या दोन मिनिटात चढणाऱ्या त्या ६० किलोच्या माणसाच्या अंगात कामाच्या ८३ वॅटसोबत अडीचशे-तीनशे वॅटची उष्णता तयार होत असते. ती बाहेर टाकायचा सोपा रस्ता म्हणजे आजूबाजूची हवा त्वचेपेक्षा थंड असणं. त्वचा असते ३५ अंशाच्या आसपास. आणि आपल्याकडे चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं. म्हणजे हवाच अंगाला तापवते. मग राहिला एकच रस्ता, घाम वाळणं. घाम नुसता आला की गारवा मिळत नाही, तो वाळला पाहिजे, आणि पावसाळ्यात दमट हवेत तो वाळत नाही, म्हणून ऑगस्टमध्ये ३३ अंशालाही माणूस पायऱ्यांवर घामाघूम होऊन बेजार होते.

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, तर पायऱ्या पहाटेच, ऊन चढायच्या आत खाली. संध्याकाळी सूर्य गेला तरी दगड तापलेलाच असते, तो रात्रीपर्यंत आग फेकते. अनवाणी चढायचा नवस असेल त्यांचा मान राखून एक सांगतो, ज्यांना बऱ्याच वर्षांची शुगर आहे त्यांच्या तळव्याची संवेदना कमी झालेली असू शकते, चटका बसलेला कळत नाही आणि फोड आलेला घरी जाऊन दिसते, आणि शुगरच्या माणसाची पायाची जखम ही साधी गोष्ट नाही. देवाला हात जोडून सांगा आणि पायात काहीतरी घाला, पट्ट्याचं घाला, सपाता नको.

घाम जास्त गेला तर नुसतं पाणी ढोसत राहण्यापेक्षा ओआरएस बरं. पुडी नसली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मिठाचा अंदाज चुकवू नका, चवीला आसवांपेक्षा खारट लागलं तर टाकून नवीन करा. शुगर किंवा बीपीवाल्यांनी हे रोजचं सरबत समजू नये.

आता दोन गोष्टी ज्या पायऱ्यांवरच्या सल्ल्यांमध्ये क्वचितच वाचायला मिळतात, पण आपल्या भागात सांगितल्याच पाहिजेत. पहिली, रक्त कमी असणं. ऑक्सिजन वाहून नेते हिमोग्लोबिन, तेच कमी असेल तर हृदय कितीही पळालं तरी पायाला ऑक्सिजन पुरत नाही, आणि वीस पायऱ्यांतच धाप लागते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्क्यांना रक्तक्षय निघाला. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. म्हणून घरातली बाई पायऱ्यांवर लवकर थकत असेल तर "सवय नाही तुले" म्हणून हसू नका, आधी रक्त तपासून घ्या. तिला व्यायाम नाही, गोळ्या पाहिजेत असंही असू शकते.

दुसरी, सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात हा आजार घराघरात ऐकू येते. यात लाल पेशी ऑक्सिजन कमी पडला, अंगातलं पाणी कमी झालं की विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नळ्यांत अडकतात. ज्याला आजार आहे, म्हणजे आई-बाप दोघांकडून जीन आलेला, त्याला धाप लागेपर्यंत चढणं, तहान मारणं, थंडीच्या पहाटे उघड्या अंगानं जाणं यातून दुखण्याचा झटका येऊ शकते, त्यानं डॉक्टरशी बोलूनच आणि हळू, थांबत-थांबत चढावं. ज्याला फक्त एका बाजूनं जीन आला, ज्याला वाहक म्हणतात, त्याला सहसा काहीच होत नाही, तो सगळं करू शकते. पण भर उन्हात, पाणी न पिता, पैज लावून जीव तोडून पळणं त्याच्यासाठी क्वचित जिवावर बेतू शकते. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी हे नीट वाचा. तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झाल्यापासून ती मोठ्या प्रमाणावर चालू आहे. एकदा करून घ्यायला काय जाते.

सुरुवात कशी करायची ते आता सांगायला सोपं आहे. आठवड्यात तीन दिवस, मधे एकेक दिवस सोडून. आधी पाच मिनिटं सपाटीवर चालायचं. मग हळू चढायचं, वर पोचून श्वास जागेवर येईपर्यंत उभं राहायचं, बसायचं नाही, आणि चढताना लागला त्याच्यापेक्षा जास्त वेळ घेऊन उतरायचं. पहिला आठवडा एवढंच. टेकडी मोठी असेल तर अर्ध्यातून परत या, देव कुठं जात नाही. दुखलं नाही तर दर आठवड्याला एक फेरी वाढवा, आणि पायऱ्या मोजण्यापेक्षा उंची मोजा, कारण बाजूच्या गावच्या १०० पायऱ्या आणि तुमच्या गावच्या १०० पायऱ्या सारख्या नसतात, टेप घेऊन पाच-सहा पायऱ्या मोजून सरासरी काढली की झालं.

प्रगती पाहायची तर एक ढोबळ परीक्षा आहे. स्पेनमध्ये छातीत दुखते किंवा धाप लागते म्हणून तपासायला आलेल्या १६५ लोकांवर अभ्यास झाला, २०२० मध्ये मांडला गेला, त्यात ६० पायऱ्या न थांबता, न पळता, जोरात चढायला लावलं. एका मिनिटाच्या आत चढणाऱ्यांची व्यायामाची क्षमता चांगली निघाली, आणि दीड मिनिटापेक्षा जास्त लागणाऱ्यांनी हृदयाची तपासणी करावी असं त्या डॉक्टरांचं म्हणणं पडलं. ही पहिल्या दिवशी द्यायची परीक्षा नाही, महिना-दीड महिन्यानं द्या. आणि छातीत जड वाटणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, डोळ्यापुढं अंधारी, थंड घाम, यातलं काही झालं तर परीक्षा तिथंच सोडा, खाली उतरायचा हट्ट करू नका, बसा, आणि सोबतच्याला १०८ लावायला सांगा. म्हणूनच एकट्यानं जाऊ नये, टेकडीवर रेंज कुठं येते तेही आधी पाहून ठेवावं.

राहिला पावसाळा. जुलैपासून दगडी पायऱ्यांवर हिरवं शेवाळ धरते आणि ते वाळलेलं दिसलं तरी खालून ओलंच असते. त्या दिवसात पायरीच्या मधोमध चाला, जिथं लोकांच्या पायांनी घासलेलं असते, कडेला नाही, आणि कठडा हाताला येते तिथं तो सोडू नका. गावच्या टेकडीचं असेल तर ग्रामपंचायतीकडून ब्लिचिंग पावडर मागून घ्या, रात्रभर टाकून ठेवा, सकाळी तारेच्या ब्रशनं घासून पाणी मारा. चार पोट्टे लागले की दोन तासांचं काम आहे, आणि घासताना वाकून-वाकून जो व्यायाम होते तो वेगळाच.